अमली पदार्थांच्या टोळ्यांविषयीची वार्ता : पारख कशी करावी?

मेक्सिको देशाच्या पूर्व किनाऱ्यावर वेराक्रूझ नावाचे बंदराचे शहर आहे. 25 ऑगस्ट 2011 रोजी तेथील समाजमाध्यमांवर अशी वार्ता पसरली की, अमली पदार्थांच्या टोळीतील सशस्त्र माणसे शाळांत शिरली असून मुलांना पळवून नेत आहेत. पालकांनी हातातली कामे टाकून शाळांकडे धाव घेतली. रस्त्यांवर दोन डझनांहून अधिक मोटार-अपघात झाले आणि आणीबाणीच्या दूरध्वनीवर संपर्क होईना. प्रत्यक्षात शाळांवर हल्ला झालाच नव्हता. राज्य शासनाने दोघांवर दहशतवादाचा आरोप ठेवला. त्यांपैकी एक शिक्षक होता. ऐकलेलेच पुढे कळविले, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये आरोप मागे घेऊन त्यांची सुटका करण्यात आली.

हे उदाहरण दूरदेशीचे वाटले तरी त्याचे स्वरूप आपल्याकडे अपरिचित नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांचे प्राण घेतले. वेराक्रूझमध्ये टोळ्यांची दहशत खरी होती आणि त्यामुळेच खोटी वार्ता खरी वाटली, एवढाच काय तो फरक. ज्या विषयात भय खरे असते, त्या विषयातील असत्य ओळखणे अधिक अवघड जाते.

या टोळ्यांना ‘कार्टेल’ म्हणतात. शब्द मुळात व्यापारातला आहे. मालाचा भाव पडू नये म्हणून उत्पादकांनी आपसात केलेली जूट, असा त्याचा अर्थ. या टोळ्या मात्र भाव ठरविण्यापेक्षा एकमेकींशी लढण्यातच अधिक गुंतलेल्या दिसतात. सिनालोआ कार्टेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेतील दोन गटांत सप्टेंबर 2024 मध्ये उघड लढाई सुरू झाली. म्हणून ‘कार्टेलने असे ठरविले’ असे वाक्य वाचताच कोणी ठरविले, कोणत्या गटाने ठरविले, आणि ते वार्ताहराला कसे कळले, हे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहावयास हवेत.

ते कळणे सोपे नाही. स्यूदाद ह्वारेस येथील ‘एल दिआरिओ’ या दैनिकाच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याची हत्या झाल्यानंतर सप्टेंबर 2010 मध्ये त्या पत्राने अग्रलेखातून थेट गुन्हेगारांनाच विचारले की, काय छापावे आणि काय छापू नये ते तुम्हीच सांगा. कुलिआकान येथील ‘रिओदोसे’ साप्ताहिकाचे एक संस्थापक हाविएर वाल्देस यांची 15 मे 2017 रोजी भर दुपारी कार्यालयाजवळ गोळ्या घालून हत्या करण्यात आली. जेथे नाव घालून लिहिणाऱ्याला अशी किंमत मोजावी लागते, तेथे निनावी मजकूर वाढतो. त्यातील काही खरा असतो, काही टोळ्यांनीच प्रतिस्पर्ध्याला बदनाम करण्यासाठी पेरलेला असतो. म्हणून निनावी मजकूर सर्वस्वी टाकाऊ मानण्याचे कारण नाही, परंतु दुसरा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत तो ऐकीव समजावा. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दहा ठिकाणी तीच वार्ता दिसली आणि दहाही ठिकाणे एकाच वृत्तसंस्थेच्या बातमीवर विसंबून असली, तर साक्षीदार एकच ठरतो.

सरकारी निवेदन आले म्हणजे शंका संपली, असेही नाही. मिचोआकान राज्यातील टोळीचा म्होरक्या नासारिओ मोरेनो डिसेंबर 2010 मधील चकमकीत ठार झाल्याचे मेक्सिकोच्या शासनाने जाहीर केले. मृतदेह मात्र हाती लागला नव्हता. पुढे तो जिवंत असल्याची कुजबुज सुरू झाली आणि ती खरी निघाली. 9 मार्च 2014 रोजी तो खरोखर मारला गेला आणि त्या वेळी बोटांच्या ठशांवरून ओळख पटविण्यात आली. तसेच जून 2012 मध्ये कुप्रसिद्ध म्होरक्या होआकिन ‘एल चापो’ गुझमान याचा मुलगा पकडल्याचे तेथील नौदलाने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो भलताच तरुण असल्याचे निष्पन्न झाले. या दोन्ही प्रसंगांत घोषणा कोणत्या आधारावर झाली, हे पाहणाऱ्याला सावध होण्यास जागा होती. मृत्यूच्या वार्तेत देह, ठसे वा जनुकीय तपासणी यांचा उल्लेख आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

न्यायालयातील कागदपत्रे त्या मानाने अधिक भरवशाची. गुझमानवरील खटला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात चालला. फेब्रुवारी 2019 मध्ये तो दोषी ठरला व जुलैमध्ये त्याला जन्मठेप झाली. पण येथेही साक्ष आणि निर्णय यांत भेद करावा लागतो. त्याच्या एका माजी साथीदाराने जानेवारी 2019 मध्ये शपथेवर सांगितले की, मेक्सिकोचे माजी अध्यक्ष एनरिके पेन्या निएतो यांनी 10 कोटी डॉलरची लाच घेतली. माजी अध्यक्षांच्या वतीने याचा इन्कार करण्यात आला, आणि त्या खटल्यात हा प्रश्न ज्यूरीपुढे निर्णयासाठी नव्हताच. तरीही ‘सिद्ध झाले’ अशा शब्दांत ही गोष्ट आजही फिरताना दिसते.

आकड्यांचे प्रकरण तर निराळेच. ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने 2009 मध्ये गुझमानचे नाव 1 अब्ज डॉलरच्या धनिकांत घातले आणि 2013 मध्ये संपत्तीची खातरजमा करता येत नाही म्हणून वगळले. 2019 मध्ये न्यायालयाने त्याच्याकडून 12 अब्ज 60 कोटी डॉलर जप्त करण्याचा आदेश दिला. हा आकडा विकलेल्या मालाच्या अंदाजे किमतीवर आधारलेला होता, तिजोरीत सापडलेल्या रकमेवर नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 2022 साली मेक्सिकोतील टोळ्यांत 1,60,000 ते 1,85,000 माणसे असावीत, असा गणिती पद्धतीने काढलेला अंदाज होता. बातम्यांत ‘असावीत’ गळाले आणि ‘आहेत’ उरले. क्रियापदाचा हा बदल शिक्षकांनी वर्गात मुलांना दाखविण्याजोगा आहे.

पडताळणी घरबसल्याही करता येते, याचे एक उदाहरण आपल्याच परिसरातील आहे. सप्टेंबर 2018 मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने इंदूर येथील बेकायदा प्रयोगशाळेवर छापा घालून सुमारे 9 किलो फेंटानिल जप्त केले. अटक झालेल्यांत एक मेक्सिकोचा नागरिक होता आणि पदार्थाच्या तपासणीत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. ‘40 ते 50 लाख लोकांचा बळी घेण्याइतका साठा’ असे मथळे तेव्हा झळकले. आकडा आला कोठून? फेंटानिलची 2 मिलिग्रॅम मात्रा प्राणघातक ठरू शकते, असे अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा सांगते. 9 किलो म्हणजे 90 लाख मिलिग्रॅम. त्यास 2 ने भागले की 45 लाख. गणित बरोबर आहे. परंतु ही मात्रा प्रकृती व सवयीप्रमाणे बदलते, आणि मात्रांची संख्या म्हणजे मृत्यूंची संख्या नव्हे. शिवाय याच पदार्थाच्या नुसत्या स्पर्शाने माणूस कोसळतो, अशा ध्वनिचित्रफिती पुष्कळ फिरतात. थोडा वेळ त्वचेला लागल्याने तसे होणे अत्यंत असंभवनीय आहे, असे अमेरिकेतील विषशास्त्र-वैद्यांच्या संघटनेने 2017 मध्येच स्पष्ट केले आहे.

छायाचित्रांबाबत एवढेच पुरे की, चित्र खरे असून त्याखालील मजकूर खोटा असू शकतो. जुन्या वर्षाचे किंवा दुसऱ्याच देशाचे चित्र नव्या घटनेला जोडणे हा नेहमीचा प्रकार आहे. इंटरनेटवरील चित्रशोधाच्या सोयीने ते चित्र पूर्वी कोठे आले होते, हे काही क्षणांत पाहता येते. ग्रामपंचायतीत वा शाळेत संगणक असेल तर हे काम तेथे करून घेण्यास हरकत नाही.

टोळ्यांच्या नावाची भीती आता थेट सामान्य माणसाच्या बँक खात्यावर घाला घालण्यासाठी वापरली जात आहे. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगून पोलीस किंवा सीमाशुल्क अधिकारी असल्याची बतावणी केली जाते, दृक्‌श्राव्य दूरध्वनीवर माणसाला तासन्‌तास खिळवून ठेवले जाते आणि ‘डिजिटल अटक’ टाळण्यासाठी पैसे मागितले जातात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’ कार्यक्रमात सांगितले आहे. असा दूरध्वनी आल्यास तो बंद करून नजीकच्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितका उशीर कमी, तितकी रक्कम बँकेत थोपविण्याची शक्यता अधिक. अमली पदार्थांच्या व्यवहाराची खरी माहिती हाती आली तर ती समूहांत न पाठविता केंद्र शासनाने जुलै 2024 मध्ये सुरू केलेल्या ‘मानस’ या सेवेच्या 1933 क्रमांकावर द्यावी. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.