कॅमेऱ्याचे पाय (लेखांक 6) : अर्ध्या मिनिटाची उडी

भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी तिचं कथक मोबाइलवर उतरवलं होतं. बाराव्या रांगेतून. घरी टीव्हीवर लावलं, तर तत्कार ऐकू येतोय आणि पाय कुठेच नाहीत. पुढच्या काकांचं डोकं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर. पाय दिसावेत म्हणून झूम केलं, तिथे चेहरा गेला. चेहऱ्यावर आलो, तर शेवटची चक्कर हुकली. बहिणीनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी तू नुसता बघत बस."

मंचावरच्या नाचाचं चित्रण आणि कॅमेऱ्यासाठीच रचलेला नाच यांत फरक काय, हा प्रश्न गेल्या आठवड्यात अर्धवट राहिला होता. व्याख्या करत बसण्यापेक्षा आमच्या छोट्या फिल्म मंडळात चार देशांतल्या नृत्यपटांची एक संध्याकाळच लावली. 'कॉन्टेम्पररी डान्स' म्हटल्यावर टीव्हीवरच्या स्पर्धा आठवून दोघं-तिघं आलेच नाहीत. त्यांचं नुकसान.

सुरुवात अमेरिकेतली. माया डेरेनची 1945 सालची 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा'. काळी-पांढरी, मूक, जेमतेम तीन मिनिटांची. नर्तक टॅली बीटी. रानात कॅमेरा संथपणे गोल फिरतो. बीटी एका झाडापाशी दिसतो, मागे पडतो. कॅमेरा पुढे सरकतो, तर हा तिथेही उभा. धावत आल्याची खूण नाही. मग तो रानात पाय उचलतो आणि टेकवतो तो थेट एका घरातल्या खोलीत. हालचाल एकच, मधे खंड नाही, जमीन मात्र बदललेली. आमच्यातलं कुणीतरी "अरे!" म्हणालं.

मला विचाराल तर नृत्यपट म्हणजे काय, ते त्या एका पावलात आलं. पाय उचलला एकीकडे, टेकवला दुसरीकडे, आणि दोन्ही तुकडे जोडले संकलनाच्या टेबलावर. पण जोडताना पायाची दिशा, वेग, उंची जराही इकडेतिकडे झाली की डोळा फसत नाही, नुसता दचकतो. म्हणजे इथे कट हाच पदन्यास. तो नर्तकानं एकट्यानं टाकलेला नाही आणि दिग्दर्शिकेनंही एकटीनं टाकलेला नाही. श्रेयनामावलीत डेरेननं बीटीचं नाव आपल्या बरोबरीनं दिलं, ते उगाच नव्हे.

पुढे संग्रहालयात अनेक मुखांच्या बौद्ध मूर्तीसमोर बीटी गिरकी घेतो. आधी इतकी संथ की चेहऱ्याची रेष न् रेष दिसावी, शेवटी इतकी वेगात की चेहरा पुसला जातो. युक्ती कॅमेऱ्याच्या वेगात आहे. मूकपट साधारण सेकंदाला 16 फ्रेम्सनी दाखवला जायचा. 64 नी टिपलेली गिरकी चौपट संथ दिसते, 8 नी टिपलेली दुप्पट वेगवान. आणि शेवटी ती उडी. माणूस हवेत एक सेकंदही धड राहत नाही. बीटी अर्ध्या मिनिटाच्या आसपास राहतो. वर जाणं, तरंगणं, खाली येणं असं तुकड्यातुकड्यानं टिपून एकाला एक लावलेलं. आमच्याकडे येणाऱ्या कथकच्या एक बाई म्हणाल्या, "समेची वाट बघायला लावतोय हो. कुठे येणार ते कळलंय, पण येतच नाही." मग ती फिल्म पुन्हा लावली.

कॅनडाच्या नॉर्मन मॅक्लॅरेनची 'पा द द' (1968) सुंदर आहे, जरा जास्तच सुंदर. काळ्या अंधारात दोन नर्तकांच्या नुसत्या उजळ कडा दिसतात. एकच फ्रेम पुन:पुन्हा, काही ठिकाणी अकरा वेळा छापल्यामुळे प्रत्येक हालचालीमागे तिच्याच सावल्यांची रांग लागते. दहा मिनिटांनंतर माझं लक्ष चहाकडे गेलं, हे कबूल करतो.

चहानंतर बेल्जियम. आन तेरेसा द केर्समाकरनं 'रोसास दान्स्त रोसास' 1983 साली चार जणींसाठी रचलं. 1997 साली थिएरी द मे यांनी ते ल्यूव्हेनमधल्या जुन्या तांत्रिक शाळेच्या इमारतीत चित्रित केलं. पूर्ण फिल्म तासाभराची. आम्ही खुर्च्यांचा भाग पाहिला. बायका खुर्चीवर बसल्यात. मान झटकतात, केसांतून हात फिरवतात, पायावर पाय टाकतात, ब्लाउज खांद्यावरून घसरू देतात आणि लगेच सावरतात. यात नाच कुठला? पण तेच पुन्हा, पुन्हा, एकीच्या आधी दुसरी, मग सगळ्या एकदम. आणि दमलेला श्वास ऐकू येतो. बाराव्या रांगेतून हा श्वास कधी ऐकू आला असता? 2011 मध्ये बियॉन्सेच्या 'काउंटडाउन' गाण्यात याच हालचाली दिसल्या आणि उचलेगिरीचा वाद पेटला. त्यानंतर 2013 मध्ये केर्समाकरनं ही रचना सगळ्यांना खुली करून, तुमच्या जागेत तुमच्या पद्धतीनं नाचा आणि चित्रित करा, असं आवाहन केलं.

शेवटी ब्रिटनच्या डीव्ही8 मंडळीची 'द कॉस्ट ऑफ लिव्हिंग' (2004), दिग्दर्शक लॉइड न्यूसन. क्रोमर नावाचं समुद्रकाठचं गाव, हंगाम सरलेला. डेव्हिड टूल या नर्तकाला पाय नाहीत. तो हातांवर चालतो, आणि त्याचे हात पाहताना आपण पाय शोधायचं कधी सोडलं ते कळत नाही. बॅले वर्गात एका नर्तिकेबरोबरचं त्याचं द्वंद्वनृत्य जमिनीलगत चालतं आणि कॅमेराही खाली उतरतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून ते पाहिलं असतं, तर त्यात कीव शिरली असती. दुसऱ्या एका प्रसंगात व्हिडिओ कॅमेरा घेतलेला माणूस त्याला गाठतो आणि पायांविषयी, शरीराविषयी नको ते प्रश्न विचारत राहतो. इथे नाच नाही. फक्त कॅमेरा आहे आणि त्याच्यासमोरून हलू न शकणारा माणूस. माझा गॅदरिंगचा झूम आठवून मी जरा चुळबुळलो.

दिवे लागल्यावर पहिला प्रश्न अपेक्षितच होता : आपल्याकडचं काही नाही का? आहे की. उदय शंकर यांचा 'कल्पना', 1948. अल्मोड्याच्या त्यांच्या केंद्रात शिकलेला एक मुलगा पुढे पुण्यात प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शक म्हणून आला, नाव गुरुदत्त. पण 'कल्पना' अडीच तासांहून मोठा, आणि सभागृहाची किल्ली नऊला परत द्यायची होती. तो पुढच्या आठवड्यात.