डिचोलीतला अकबर आणि मस्कतची गादी

डिचोलीच्या टेकडीवरचं नमाजगाह कोणी बांधलं असं विचारलं, की उत्तर येतं ‘अकबरानं’. परंपरा तसंच सांगते. घोटाळा त्यापुढे होतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो फत्तेपूर सिक्रीवाला, बिरबलाच्या गोष्टींतला, पृथ्वीराज कपूरच्या आवाजात गर्जणारा बादशहा. तो १६०५ साली वारला. गोव्याहून जेझुइट पाद्री त्याच्या दरबारात गेले होते, पण तो स्वतः इकडे कधी फिरकला नाही. डिचोलीत आला तो त्याचा खापरपणतू, औरंगजेबाचा चौथा मुलगा शहजादा मुहम्मद अकबर, १६८३ साली. ‘छावा’ चित्रपटामुळे हे नाव आता घराघरांत पोहोचलं आहे. पण तो इथवर का आला, याबद्दलचे समज बहुतेक तसेच आहेत. तो बापाविरुद्ध बंड करून आला होता, आणि ते बंड दिल्लीच्या गादीसाठी होतं. पेडणे-डिचोलीच्या इतिहासातलं हे पान त्या गादीच्या भांडणाशिवाय वाचताच येत नाही.

‘बादशहाचा थोरला मुलगा बादशहा होतो, इस्लामचा नियमच तसा आहे’

असा नियम कुठेही नाही. शरियतमध्ये मालमत्तेच्या वाटण्या बारकाईनं सांगितल्या आहेत. राज्य कोणाला द्यायचं, याबद्दल मात्र थोरल्याचा हक्क वगैरे काही सांगितलेलं नाही. प्रत्येक घराण्यानं आपली रीत पाडली. तैमूरच्या वंशाची रीत अशी, की बादशहाचे सगळेच मुलगे दावेदार. प्रत्येकाला सुभा, फौज आणि दरबारातली आपली माणसं मिळायची, आणि शेवटी तलवार निकाल लावायची. शाहजहान थोरला नव्हता. औरंगजेबही नव्हता. १६५७ साली शाहजहान आजारी पडला तेव्हा चार भाऊ एकमेकांवर तुटून पडले. थोरल्या दारा शुकोहला औरंगजेबानं १६५९ मध्ये ठार मारवलं आणि बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं. त्याच १६५७ साली औरंगाबादेत अकबर जन्मला आणि महिन्याभरात त्याची आई दिलरस बानू वारली. पुढे बंड केल्यावर त्यानं बापाला पत्र लिहिलं, त्यातला युक्तिवाद असा, की या वाटेवरचे माझे वाटाडे आपणच. औरंगजेबाजवळ याला काय उत्तर असणार!

‘अकबर हिंदूंच्या बाजूनं धर्मासाठी लढला’

असं म्हणणारे त्याला उदार ठरवतात, आणि उलट बाजूचे धर्मद्रोही. दोघांनीही जोधपूरकडे पाहिलेलं नसतं. महाराजा जसवंतसिंह १६७८ च्या डिसेंबरात वारले तेव्हा त्यांना हयात मुलगा नव्हता. त्यांचा मुलगा अजितसिंह याचा जन्म त्यानंतरचा. औरंगजेबानं मारवाड ताब्यात घेतलं आणि राठोड आपला सरदार दुर्गादास याच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे हा वादसुद्धा मुळात वारसाचाच. अकबराला चितोडवर ठेवलं होतं, तिथे त्याला यश येईना, बापाचे खरमरीत शेरे येत होते. राठोड आणि सिसोदियांनी त्याला सुचवलं की बादशहा व्हायचं असेल तर आम्ही मागे आहोत. जानेवारी १६८१ मध्ये त्यानं स्वतःला बादशहा घोषित केलं. दोघांचा शत्रू एक होता, एवढंच.

पुढे जे झालं ते औरंगजेबाच्या धूर्तपणाचा नमुना आहे. अजमेरजवळ फौजा समोरासमोर असताना त्यानं अकबराच्या नावे एक खोटं पत्र लिहिलं, ‘राजपुतांना शिताफीनं जाळ्यात आणलंस’ अशा आशयाचं, आणि ते राठोडांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. राजपूत रातोरात निघून गेले. सकाळी अकबराजवळ मूठभर माणसं उरली होती. खरं कळल्यावर दुर्गादास परत आला आणि वाटेत जागोजागी मोगली पहारे असताना त्याला सुखरूप दक्षिणेत घेऊन आला. शहजाद्याची दोन मुलं मागे राजपुतान्यात राहिली, ती राठोडांनी सांभाळली आणि बऱ्याच वर्षांनी औरंगजेबाकडे परत पोहोचवली. या सगळ्या प्रकरणात शब्दाला जागलेला माणूस शोधायचा तर मला दुर्गादासच दिसतो.

‘संभाजीराजांनी पाहुण्याला आसरा दिला, पण दिल्लीवर चालून जायची संधी घालवली’

आज नकाशा पुढे ठेवून असं म्हणणं सोपं आहे. ज्या जानेवारीत अकबरानं स्वतःच्या नावाची द्वाही फिरवली, त्याच जानेवारीत रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. त्याआधीचं वर्ष त्यांच्याही घरात वारसाच्या भांडणाचं होतं. शिवाजीमहाराज एप्रिल १६८० मध्ये गेले आणि दहा वर्षांच्या राजारामाला मंचकावर बसवण्यात आलं. सोयराबाईंचे सख्खे भाऊ सेनापती हंबीरराव मोहिते भाच्याऐवजी संभाजीराजांच्या बाजूला गेले, म्हणून पारडं फिरलं. अकबर जून १६८१ मध्ये पालीच्या मुलुखात उतरला आणि थोड्याच आठवड्यांत राजांवर विषप्रयोगाचा कट उघडकीस आला. कटवाल्यांनी अकबराला पत्र लिहून आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला होता आणि त्यानंच ती गोष्ट राजांच्या कानावर घातली, असं इंग्रज वखारीच्या पत्रांत आलं आहे. नव्या धन्याच्या गादीचं भांडण पाहुण्याच्या दारात येऊन थांबलं होतं म्हणायचं. पुढे नोव्हेंबरात दोघांची भेट झाली.

तोवर औरंगजेब स्वतः दक्षिणेकडे निघाला होता. तो केवळ मराठ्यांना बुडवायला आला, हाही अर्धाच समज. आदिलशाही आणि कुतुबशाही त्याच्या मनात होतीच. पण शहजादा आणि मराठे एकत्र येणं हा त्याच्या तख्तालाच धोका होता, आणि ते निस्तरायला त्यानं दुसऱ्या कोणावर विसंबायचं टाळलं. स्वतःच्या अनुभवामुळेच असावं. एकीकडे मोगल, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिसरीकडे पोर्तुगीज असताना राजांनी सगळी फौज घेऊन उत्तरेची वाट धरायला हवी होती, असं म्हणणाऱ्यांनी मागे रायगड कोणाच्या भरवशावर सोडायचा तेही सांगावं. अकबराचा धीर मात्र सुटत गेला. १६८३ मध्ये तो बांद्याला, तिथून डिचोलीला आला. इराणला निघून जायचं त्यानं ठरवलं होतं. नोव्हेंबरात वेंगुर्ल्याला जहाजावर चढलासुद्धा. राजांचे विश्वासू कवी कलश आणि दुर्गादास घाईनं तिथे पोहोचले आणि समजूत काढून त्याला उतरवून घेतलं.

‘तेव्हा डिचोली, पेडणे हा पोर्तुगीज गोवाच होता’

‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’ हे वाक्य तिसवाडी, बार्देश आणि साष्टीला लागू पडतं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकी घाईत ते सगळ्या बारा तालुक्यांना चिकटवलं जातं. डिचोली, पेडणे आधी आदिलशाहीत होते, मग मराठ्यांकडे आले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये केला तो डिचोली महालातच. पोर्तुगीजांनी डिचोली घेतली १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे त्यांना सावंतवाडीकरांनी १७८८ च्या तहात दिलं, कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती म्हणून. १७८८ पासून १९६१ पर्यंत मोजा, पावणेदोनशे वर्षंही भरत नाहीत. वाडीच्या गादीचंही फारसं वेगळं नव्हतं. १८०३ मध्ये खेम सावंत निपुत्रिक वारले आणि दत्तक घेतलेल्या रामचंद्र सावंतांचा १८०७ मध्ये खून झाला. गादीसाठी रक्त सांडायची रीत फक्त मोगलांची होती, असं कोणी समजू नये.

तर १६८३ मध्ये डिचोली मराठ्यांचा तळ होता आणि मांडवीपलीकडे विसुरेई कोंदि द आल्व्होर बसला होता. त्यानं फोंड्याच्या मर्दनगडाला वेढा घातला, संभाजीराजे येताच माघार घेतली. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवें बेट घेतलं आणि ते परत मिळवायला गेलेला विसुरेई कसाबसा जीव वाचवून आला. डिसेंबरात बार्देश आणि साष्टीत मराठी फौजा शिरल्या. जुन्या गोव्यातल्या लोकांना वाटलं, संपलं. विसुरेईनं सांत फ्रान्सिस्कु शाव्हियेरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड ठेवला आणि शहर संताच्या हवाली केलं. त्यानंतर लवकरच संभाजीराजे निघून गेले, हे खरं. श्रद्धेला मी हात लावत नाही. निघून जाण्याचं कारण मात्र रामघाटातून उतरत होतं.

तो होता शहजादा मुअज्जम ऊर्फ शाहआलम, अकबराचा मोठा सावत्र भाऊ. जानेवारी १६८४ मध्ये तो प्रचंड फौज घेऊन डिचोलीवर आला. राजांची आणि अकबराची इथली घरं, बागा त्यानं उद्ध्वस्त केल्या. पोर्तुगीज आणि मोगल मिळून आले, असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात विसुरेईला हा नवा शेजारी मराठ्यांइतकाच धोकादायक वाटत होता, आणि संभाजीराजांशी त्याची तहाची बोलणी चालूच होती. त्या बोलण्यांत मध्यस्थ होता आपला शहजादा अकबर. मोगली फौजेला धान्य पुरेना. घाटातून पुरवठा येईना, मराठे वाट अडवून बसलेले. फेब्रुवारीत शाहआलम परत रामघाट चढू लागला तेव्हा उपासमार आणि साथीनं हजारो माणसं आणि असंख्य जनावरं मेली. लढाईत झाली नाही एवढी हानी घाटानं केली.

‘बंडखोर मुलगा हरला आणि आज्ञाधारक मुलाला गादी मिळाली’

इतका सरळ हिशेब नव्हता. फेब्रुवारी १६८७ मध्ये अकबर राजापूरहून जहाजानं कायमचा निघाला. त्याच सुमारास शाहआलमला गोवळकोंड्याशी गुप्त संधान बांधल्याच्या संशयावरून औरंगजेबानं कैदेत टाकलं. तो सुटला १६९५ मध्ये. १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर त्यानं जाजऊच्या लढाईत भाऊ आझमला मारलं, १७०९ मध्ये दुसरा भाऊ कामबक्षाला संपवलं, आणि वयाची साठी उलटल्यावर बहादूरशहा या नावानं राज्य केलं. अकबर इराणातच, बापाच्या आधी वारला. शाह सुलेमाननं त्याला आदरानं ठेवून घेतलं, फौज मात्र दिली नाही. बाप जिवंत असेतो नाही, भावांशी लढायची वेळ आली तर बघू, असा त्याचा पवित्रा होता. इराणच्या शाहालाही मोगलांची रीत ठाऊक होती.

इराणला पोहोचण्याआधी अकबराचं जहाज मस्कतला लागलं आणि तिथे त्याचे काही महिने गेले. मस्कत तेव्हा यारुबी इमामांकडे होतं. त्यांनीच १६५० मध्ये पोर्तुगीजांना तिथून हुसकावलं होतं. इबादी परंपरेत इमाम निवडला जातो, तो पोटचाच हवा असं नाही. यारुबींनी मात्र इमामपद घराण्यात ठेवलं. अकबर तिथे असताना इमाम होता बलअरब बिन सुलतान, आणि पुढे थोड्याच वर्षांत त्याला त्याचाच भाऊ सैफ यानं बाजूला सारलं.

आज गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी मस्कतला, कुवेतला, दोहाला असतं, आणि तिथल्या गादीबद्दलही इथे तेच समज फिरत असतात. सौदीत १९५३ नंतर गादी बापाकडून मुलाकडे नव्हे, भावाकडून भावाकडे गेली. राजे अब्दुलअझीझ यांचे सहा मुलगे एकामागून एक राजे झाले. कतारमध्ये १९९५ साली मुलानं बाप परदेशात असताना सत्ता घेतली. कुवेतमध्ये २००६ साली आजारी अमिराला संसदेनं मतदान करून पदावरून दूर केलं. अशी वेगवेगळी तऱ्हा.

ओमानची तऱ्हा सगळ्यांत निराळी. सुलतान कबूस यांनी २३ जुलै १९७० रोजी वडिलांना, सईद बिन तैमूर यांना, बाजूला सारून सत्ता घेतली. तेलाची निर्यात तीन वर्षांपूर्वीच, १९६७ मध्ये सुरू झाली होती. पैसा येत होता आणि देशात रस्ते, शाळा नावालाच होत्या. कबूस पुण्यात शिकले, अशी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते. भारतात शिकल्याचं निर्विवाद आहे ते त्यांच्या वडिलांचं, अजमेरच्या मेयो कॉलेजात. आजोबा तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि त्यांचा शेवट १९६५ मध्ये मुंबईत झाला. कबूस यांना मूल नव्हतं, भाऊ नव्हता, आणि पन्नास वर्षांत त्यांनी युवराज नेमला नाही. १९९६ च्या मूलभूत कायद्यात तरतूद होती, की राजघराण्याच्या मंडळानं तीन दिवसांत वारस ठरवावा, न जमल्यास सुलतानांचं बंद लिफाफ्यातलं पत्र उघडावं. १० जानेवारी २०२० रोजी ते गेले. घराण्यानं वाद न घालता सरळ पत्रच उघडायला सांगितलं. नाव निघालं चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचं. जानेवारी २०२१ मध्ये हैथम यांनी कायदा बदलला. आता गादी थोरल्या मुलाकडे जाते, आणि झियाझिन हे त्या नियमानं झालेले पहिले युवराज. आपल्याकडे जे सगळीकडे असतंच असं गृहीत धरतात, ते ओमानात नुकतंच आलं आहे.

कबूस गेले त्या आठवड्यात ‘सुलतान बदलला, आता आपल्या माणसांचे व्हिसे जाणार’ अशी भीती गोव्यातही व्यक्त झाली. व्हिसा आणि कामाचा परवाना सुलतानाच्या नव्हे, कायद्याच्या आणि मालकाच्या हातात असतो. तो गादीबरोबर संपत नाही. त्यानंतर नोकऱ्यांवर ताण आला तो २०२० च्या करोनाचा, कोसळलेल्या तेलाच्या भावाचा आणि कर्जाचा. एप्रिल २०२१ पासून लागलेला पाच टक्के व्हॅटही त्याच गणितातून आला. ओमानी माणसाला आधी नोकरी द्यायचं धोरण तर कबूस यांच्याच काळातलं, १९८८ पासूनचं आहे.