चाळीस पलंग आणि एक दाखला

पेढे वाटून झाले होते. दिल्लीहून मंजुरीचे पत्र आले की आमच्या संस्थेत पेढे वाटायची पद्धत आहे. पत्र येणे आणि पैसे येणे यांत जो काळ जातो, तो पाहता पेढे आधीच वाटून घेतलेले बरे, असे आमचे खजिनदार म्हणतात. तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांचे वसतिगृह चालवणारी ही लहानशी संस्था. मी तिच्या कार्यकारिणीवर काही वर्षे आहे. काम फारसे नाही. महिन्यातून एक शनिवार, चहा, आणि समोर येतील त्या कागदांवर सह्या.

या वेळचे अनुदान चाळीस लोखंडी पलंग आणि चाळीस गाद्यांसाठी होते. मुले तोवर सतरंज्यांवर झोपत होती आणि पावसाळ्यात फरशीला ओल येई. पैसे यथावकाश जमा झाले. हिशेबनिसाने फाइल तयार केली. तीन कोटेशन्स, त्यांचा तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दराला लाल शाईने गोल, आणि शेवटी इंग्रजीत टाइप केलेला एक दाखला. खाली तीन सह्यांसाठी तीन रेघा. खजिनदारांनी सही केली, मी केली, आणि कागद मुख्याध्यापिका बाईंकडे सरकवला.

बाईंनी तो वाचायला घेतला.

आमच्या संस्थेत असे पूर्वी कधी घडल्याचे कोणाला आठवत नाही. दाखल्यात साधारण असे लिहिले होते की, आम्ही खरेदी समितीचे सदस्य, एकत्रितपणे आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे, खात्री करून घेतली आहे की माल हवा तसा व हव्या त्या दर्जाचा आहे, दर बाजारभावाप्रमाणे आहे, पुरवठादार विश्वासू व सक्षम आहे. आणि त्याच्यावर वाणिज्य विभागाने अथवा संबंधित मंत्रालयाने बंदी घातलेली नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "हे शेवटचं आपण बघितलंय का?"

कोणीच बोलेना. सचिव म्हणाले, "अहो बाई, ते छापीलच असतं."

छापील असते हे खरे. पण ते कोठून आले हे मी नंतर शोधले. केंद्र सरकारचा पैसा कसा खर्च करावा याचे एक जाडजूड नियमपुस्तक आहे. सर्वसाधारण वित्तीय नियम असे त्याचे नाव; कचेऱ्यांत सगळे त्याला 'जीएफआर' म्हणतात. १९४७ साली ते प्रथम निघाले. १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये त्याची नवी रूपे आली. बाईंनी वाचला तो दाखला त्यातल्या १५५ क्रमांकाच्या नियमातला. हे नियम मुळात सरकारी कार्यालयांसाठी. पण अनुदानाच्या मंजुरीपत्रात 'खरेदी वित्तीय नियमांप्रमाणे करावी' अशी एक ओळ बहुधा असतेच, आणि त्या एका ओळीने आमच्यासारख्या संस्थेच्या गळ्यात सगळे पुस्तक पडते. २००५च्या पुस्तकात हा दाखला 'विश्वासू व सक्षम' इथेच संपत होता. बंदीचे शेपूट २०१७ साली जोडले गेले. आमच्या जुन्या मंडळींनी जुना मजकूर तरी वाचला होता की नाही, देव जाणे. नवा नक्कीच कोणी वाचला नव्हता.

नियमाची चाल तशी सरळ आहे. किरकोळ खरेदी असेल तर एकट्याने दाखला द्यायचा, की माल योग्य, दर वाजवी, दुकानदार विश्वासू. ही मर्यादा २०१७ साली २५ हजार होती, २०२४ साली ती ५० हजार झाली. त्यावर पाच लाखांपर्यंत तिघांची समिती. ही मर्यादाही आधी अडीच लाखच होती. त्यापुढे निविदा. आमचे पलंग गादीसह ६,८०० रुपयांना एक, म्हणजे चाळीसचे २ लाख ७२ हजार. समितीच्या टप्प्यात बसणारा व्यवहार.

त्या दुपारी कोणीतरी सुचवलेही, "बाईंना एवढी काळजी असेल तर सात-सात पलंगांची बिलं करू. सात पलंगांचे ४७,६०० होतात. सहा बिलं झाली की संपलं. समिती नको, दाखला नको." हिशेब अचूक होता. मात्र ही पळवाट नियम करणाऱ्यांना आपल्याआधीच माहीत होती. वरची मंजुरी चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असा स्वतंत्र नियमच, १५७ क्रमांकाचा, तिथे बसला आहे.

आता ही बंदी म्हणजे काय? बोलीभाषेत आपण 'काळी यादी' म्हणतो. नियम १५१ सांगतो की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झालेला, किंवा सरकारी कंत्राटाचे काम करताना जीवित-वित्ताची हानी केल्याबद्दल अथवा लोकांच्या आरोग्याला धोका निर्माण केल्याबद्दल शिक्षा झालेला पुरवठादार तीन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद होतो. लाच देणे, संगनमताने दर ठरवणे, खोटी माहिती देणे असे सचोटीच्या संहितेचे उल्लंघन झाले, तर खरेदी करणारे खातेही त्याला दोन वर्षांपर्यंत दूर ठेवू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने याबाबत सविस्तर सूचना काढल्या. त्यानुसार सर्व मंत्रालयांना लागू होणारी बंदी घालण्याची सोय आहे आणि ती यादी केंद्राच्या सार्वजनिक खरेदीच्या पोर्टलवर कोणालाही पाहता येते. बंदीचा हुकूम निघण्यापूर्वी झालेले करार मात्र त्यामुळे मोडत नाहीत.

दुकानदाराच्या बाजूनेही कायदा उभा आहे, हे सांगायला हवे. बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणालाही काळ्या यादीत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच एरुशियन इक्विपमेंटच्या खटल्यात बजावले. २०१३ साली कुलजा इंडस्ट्रीजच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की ही बंदी कायमची असू शकत नाही. त्या निकालात अमेरिकेतील पद्धतीचाही विचार झाला आहे. तिथे १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी हुकूम काढला की सरकारी खरेदीबरोबरच सरकारी अनुदानाच्या पैशालाही असल्या मंडळींपासून राखायचे. तिथली अनुदानित संस्था २५ हजार डॉलर किंवा त्याहून मोठा करार करताना तीनपैकी एक गोष्ट करते: सरकारची यादी स्वतः पाहते, पुरवठादाराकडून लेखी दाखला घेते, किंवा करारातच तसे कलम घालते. म्हणजे 'मी काळ्या यादीत नाही' असे दुकानदारालाही लिहून देता येते. आपल्याकडे ते तिघे सदस्य लिहून देतात, तेही 'एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे'. उद्या काही निघाले, तर 'मी काय, सगळ्यांनी केली म्हणून केली' हे उत्तर चालणार नाही, हा त्या दोन शब्दांचा अर्थ.

असो. सोमवारी हिशेबनीस आणि मी संगणकापुढे बसलो. नाव टाकून यादी पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे, असे मला वाटले होते. पण आपल्याकडे दुकानांची नावे गणपतीवरून, नाहीतर अंबाबाईवरून. त्याच नावाच्या पेढ्या गल्लोगल्ली. नाव सारखे म्हणून माणूस तोच असे नाही, आणि नाव वेगळे म्हणून माणूस वेगळा असेही नाही. तेव्हा नंबरावरून ओळखायचे. बिलावर छापलेला जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या माणसाचा किंवा पेढीचा पॅन. हा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचे कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही दिसते.

ज्या दुकानाच्या दराला लाल गोल होता, ते कोणत्याच यादीत नव्हते. नोंदणीही चालू. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच हिशेबनिसाने सहज म्हणून उरलेल्या दोन कोटेशन्सचे नंबर टाकले. त्यातल्या एकाची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती. मग आम्ही तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही लेटरहेड वेगळी, तिन्हीवर वेगळे शिक्के, आणि तिन्हीत 'लोखंडी' हा शब्द 'लोंखडी' असा लिहिलेला.

ज्यांनी कधी शाळेसाठी, सोसायटीसाठी वा देवळासाठी खरेदी केली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. 'तीन कोटेशन्स लागतील' असे दुकानदाराला सांगायचे आणि तिन्ही त्यानेच आणून द्यायची, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. त्यात आपण कोणाला फसवतो असे कोणाला वाटतही नाही. गंमत अशी की, नियम १५५ मध्ये 'तीन कोटेशन्स' असा शब्दच नाही. समितीने बाजारात हिंडून दर, दर्जा पाहावा आणि योग्य पुरवठादार निवडावा, एवढेच तिथे म्हटले आहे. जे मागितलेले नाही ते खोटे तयार करायचे आणि जे मागितले आहे ते करायचे नाही, असा आमचा कारभार चालला होता.

आणि आता अवघड भाग. ते दुकान आमच्या सचिवांच्या व्याह्यांचे. गाव लहान, तेव्हा कोणी ना कोणी कोणाचा तरी व्याही असणारच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, मागे एकदा अनुदान आठ महिने रखडले, तेव्हा मुलांच्या पांघरुणांपासून भांड्यांपर्यंत सगळा माल याच माणसाने उधारीवर दिला होता. एकदाही तगादा लावला नाही. दाखल्यातला 'विश्वासू' हा शब्द त्याच्याइतका कोणाला शोभला असता? सरकार वेळेवर पैसे देत नाही म्हणून संस्था अशा माणसांच्या भरवशावर जगतात, आणि पैसे आले की त्याच माणसाला विचारायचे की बाबा रे, तू यादीत नाहीस ना? या विषमतेबद्दल नियमपुस्तकात एक ओळही नाही. मला त्याचा राग येतो, आणि तो आवरण्याचे कारणही दिसत नाही.

तरीही त्या फाइलवर सही ठेवणे शक्य नव्हते. अनुदान खर्च झाले की आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. नमुना १२-अ म्हणून जो कागद असतो, त्यात लिहून द्यायचे की आमच्या माहितीप्रमाणे नियमांचा भंग करणारा एकही व्यवहार झालेला नाही. हे हिशेब मंजुरी देणाऱ्या खात्याला तपासता येतात, महालेखापरीक्षकांनाही. प्रमाणपत्र अडले की पुढचे अनुदान अडते. इकडे धर्मादाय आयुक्तांना जाणारा लेखापरीक्षकाचा अहवाल वेगळाच. त्याचे प्रश्न १९५१च्या नियमांतले. कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको वा धनको आहे काय? पाच हजारांवरच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या काय? त्या काळी पाच हजारांत दोन खोल्या उभ्या राहत असतील.

शिवाय काळी यादी दुकानदारांचीच असते असे नाही. ग्रामीण विकासासाठी स्वयंसेवी संस्थांना पैसा पुरवणारी 'कपार्ट' ही यंत्रणा १९८६ साली निघाली. आता ती उरलेली नाही. तिने शेकडो संस्थांची मदत थांबवून त्यांची नावे यादीत टाकली होती. त्यांतल्या काही निव्वळ कागदी होत्या. पण वसतिगृह खरे, मुले खरी आणि फाइल तेवढी खोटी, अशी संस्था तपासणीला आलेल्या माणसाने कागदी संस्थेपासून वेगळी कशी ओळखायची? त्याच्यापुढे असते ती फाइलच.

पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, समिती पायी निघाली. खजिनदार, बाई आणि मी. तीन दुकाने गावातली, एक जिल्ह्याच्या रस्त्यावरचे. बाईंनी प्रत्येक पलंगावर बसून पाहिले, एका ठिकाणी वेल्डिंगच्या जोडावर नख फिरवून दाखवले. दर, पत्र्याची जाडी, गादीतला कापूस, जीएसटीचा नंबर, सारे एका वहीत. व्याह्यांचा दर खालून दुसरा आला. सर्वांत स्वस्त पलंगाचे पाय हलत होते. यादी पाहिल्याचा छापील कागद, त्यावर तारीख आणि पाहणाऱ्याची सही, हे फाइलला जोडले. जुनी तीन कोटेशन्स रद्द केली, आणि का रद्द केली तेही लिहिले. निर्णयाच्या बैठकीत सचिव आपणहून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. त्याचीही इतिवृत्तात नोंद झाली. स्वस्त पलंग का नको आणि दुसऱ्या क्रमांकाचा का घ्यायचा, हे बाईंनी चार ओळींत मराठीत लिहून काढले.

दुकानदाराला हे सांगायला मी गेलो. तो दुखावला होता. "सर, वीस वर्षं माल देतोय. आता माझा नंबर तपासता?"

मी म्हटले, "शेठ, तुमचा एकट्याचा नाही. चौघांचा तपासला."

तो काही बोलला नाही. चहाही मागवला नाही. चार दिवसांनी मात्र स्वतः वसतिगृहावर आला, जीएसटीच्या नोंदणीची आणि पॅनची झेरॉक्स टेबलावर ठेवली, आणि कोऱ्या लेटरहेडवर आपल्यावर कोणत्याही खात्याची बंदी नसल्याचे लिहून दिले. या वेळी 'लोखंडी' बरोबर लिहिले होते. ते त्याच्या मुलीने टाइप केले, असे नंतर कळले.

पलंग आले त्या दिवशी मुलांनी इतका दंगा केला की शेजारच्या पतपेढीचा शिपाई पाहायला आला. बाई आणि मी ऑफिसात नवा दाखला घेऊन बसलो होतो. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. पूर्ण. मग सही केली.