मेदिची घराणें आणि त्याचा अखेरचा करार

जुन्या गोव्यांतील बॉम जेझूसच्या चर्चमध्यें सेंट फ्रान्सिस झेवियर याची समाधि आहे. ती पाहणाराची दृष्टि प्रथम वरच्या रुप्याच्या पेटीकडे जाते. ही पेटी गोव्यांतीलच कारागिरांनीं १६३६-३७ च्या सुमारास घडविली. परंतु ती ज्या चौथऱ्यावर ठेविली आहे, तो गोव्याचा नव्हे. रंगीत पाषाणांचा तो चौथरा व त्यावर बसविलेले झेवियरच्या चरित्रांतील प्रसंगांचे ओतीव पट इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी या शिल्पकारानें सिद्ध केले. आणि सुटे भाग जहाजांतून आणून १६९८ त, म्हणजे जिंजी मोंगलांच्या हातीं पडली त्याच वर्षीं, ते येथें जुळविण्यांत आले. पाठविणारा टस्कनीचा महाड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची हा होय. झेवियरच्या मस्तकाखालील उशी त्यास गोव्याहून भेट मिळाली होती. तिची ही परतभेट.

हा चौथरा पाठविणारें घराणें पुढें चाळीस वर्षांच्या आंतच पुरुषसंततीअभावीं खुंटलें. घराणीं खुंटलीं म्हणजे त्यांच्या चीजवस्तूंना पाय फुटतात आणि दप्तरें रद्दींत जातात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. मेदिचींच्या बाबतींत तसें कां झालें नाहीं, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम घराण्याच्या मूळाविषयीं. शार्लमेन बादशहाच्या एका सरदारानें मुजेल्लोच्या खोऱ्यांत एका राक्षसास ठार मारिलें, राक्षसाच्या गदेचे ठोसे सरदाराच्या ढालीवर उमटले, आणि तेच मेदिचींच्या निशाणावरील तांबडे गोल होत, अशी एक कथा आहे. ती अर्थातच घराणें थोर झाल्यानंतर रचलेली आहे. कागदपत्र निराळेंच सांगतात. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लो खोऱ्यांतून शहरांत आलेलें हें कुटुंब सावकारी करी, लोकरीच्या व्यापारांत असे. 'मेदिची' या शब्दाचा अर्थ 'वैद्य' असा आहे; परंतु या घराण्याची कीर्ति झाली ती ना औषधानें ना तरवारीनें, तर खतावणीनें.

जोव्हान्नी दि बिच्ची (१३६०-१४२९) यानें १३९७ त आपला मुख्य व्यवहार रोमहून फ्लॉरेन्सला आणून पेढी घातली. पुढें तिच्या शाखा व्हेनिस, जिनीव्हा, ब्रूज, लंडन, आव्हिन्यों, मिलान येथपर्यंत पसरल्या. प्रत्येक शाखा ही निराळी भागी असे. तेथला कारभारी नुसता चाकर नसून भागीदार असे. त्यामुळें एका शाखेचें देणें सहसा दुसरीवर येत नसे. आरंभीं निम्म्याहून अधिक नफा रोमच्या शाखेचा होता, कारण पोपच्या खजिन्याची उलाढाल तिच्या हातीं होती. व्याज घेणें धर्मसंस्थेनें पाप ठरविलेलें, आणि धर्मसंस्था तर पेढीचें सर्वांत मोठें कूळ! यास तोड हुंडीची निघाली. एका गांवीं एका नाण्यांत रक्कम द्यावयाची, दुसऱ्या गांवीं दुसऱ्या नाण्यांत ती घ्यावयाची, आणि नाण्यांच्या भावांतील फरकांत व्याज दडवावयाचें. आपल्याकडील हुंडणावळीचा परिचय असलेल्या वाचकांस याचें मर्म सांगावयास नकोच. हें सर्व आज निश्चित सांगतां येतें, याचें कारण १३९७ ते १४५१ पर्यंतच्या या पेढीच्या खासगी वह्या १९५० त फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरखान्यांत आढळल्या.

जोव्हान्नीचा पुत्र थोरला कोझिमो यास प्रतिपक्षानें १४३३ त हद्दपार केलें. वर्षाच्या आंतच तो परतला, आणि तेथून साठ वर्षें शहर वस्तुतः या घराण्याच्या मुठींत राहिलें. नांवाला प्रजासत्ताक होतें. अधिकाऱ्यांचीं नांवें थैलींतून चिठ्ठी काढून ठरत. परंतु थैलींत कोणाचीं नांवें पडावीं हें मेदिचींचे पक्षपाती ठरवीत. या अधिकाराचा खर्चही मोठा होता. कोझिमोचा नातू लोरेंझो यानें आपल्या टिपणांत लिहून ठेविलें आहे कीं, १४३४ ते १४७१ या अवधींत दानधर्म, इमारती व कर यांत घराण्याचे ६,६३,७५५ सुवर्ण फ्लोरिन खर्च झाले. लोरेंझो कवींचा व चित्रकारांचा आश्रयदाता म्हणून प्रसिद्ध आहे. पेढीकडे मात्र त्याचें लक्ष नव्हतें. इंग्लंडचा चौथा एडवर्ड व बर्गंडीचा चार्ल्स यांस दिलेलीं कर्जें अंगावर आलीं, लंडन व ब्रूजच्या शाखा बुडाल्या. २६ एप्रिल १४७८ रोजीं पाझी घराण्याच्या कटांत त्याचा भाऊ जुलियानो भर चर्चमध्यें मारला गेला. लोरेंझो १४९२ त वारला. १४९४ त मेदिचींस शहर सोडावें लागलें व पेढीही संपली.

घराण्याचें दैव मात्र संपलें नाहीं. १५१२ त तें परत आलें, आणि १५१३ त लोरेंझोचा पुत्र दहावा लिओ म्हणून व १५२३ त पुतण्या सातवा क्लेमेंट म्हणून पोप झाला. १५२७ त पुनः हकालपट्टी झाली, १५३० त पुनः आगमन झालें. १५३२ त आलेस्सांद्रो ड्यूक झाला व प्रजासत्ताकाचें नांवही पुसलें गेलें. १५३७ त त्याचा खून होतांच धाकट्या शाखेंतील पहिला कोझिमो गादीवर आला. त्यास १५६९ त पोपनें महाड्यूक हा किताब दिला. येणेंप्रमाणें सराफाचे वंशज राजे झाले, परंतु त्यासाठीं आपल्या शहराचें स्वातंत्र्य त्यांनीं गिळलें, हें विसरून चालणार नाहीं.

शेवटचा महाड्यूक जान गास्तोने ९ जुलै १७३७ रोजीं निपुत्रिक वारला. टस्कनी कोणास द्यावयाची हें युरोपांतील मोठ्या सत्तांनीं आधींच ठरविलें होतें. ती लोरेनच्या फ्रान्सिसकडे गेली. मागें राहिली जान गास्तोनेची बहीण आना मारिया लुइझा (१६६७-१७४३). ही पॅलाटिनेटच्या इलेक्टराची विधवा असून १७१७ त माहेरीं परतली होती. राज्य तिच्या हातीं नव्हतें, सैन्य नव्हतें. होती ती केवळ घराण्याची खासगी मालमत्ता. ३१ ऑक्टोबर १७३७ रोजीं तिनें नव्या राजवंशाशीं करार केला. चित्रें, पुतळे, ग्रंथसंग्रह, रत्नें, पवित्र अवशेष असें सर्व नव्या महाड्यूकास व त्याच्या वारसांस द्यावयाचें, परंतु एका अटीवर: हें राज्याचें भूषण, लोकांच्या उपयोगाचें व परकीयांस आकर्षून घेणारें असल्यामुळें यांतील कांहींही राजधानीच्या व राज्याच्या बाहेर नेऊं नये.

या अटीचें मोल शेजाऱ्यांकडे पाहिलें म्हणजे कळतें. मांतुआच्या गोंझागा घराण्यानें आपला विख्यात चित्रसंग्रह १६२७-२८ च्या सुमारास इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. तो राजा १६४९ त वधस्तंभावर गेल्यावर चित्रांची पांगापांग झाली. मोदेनाच्या एस्ते घराण्यानें १७४६ त शंभर उत्तम चित्रें ड्रेस्डेनला विकलीं. फ्लॉरेन्सचा संग्रह मात्र बव्हंशीं जागेवर राहिला, आणि १७६९ त उफीझीचीं दालनें लोकांस खुलीं झालीं. करार तंतोतंत पाळला गेला असें नाहीं. मेदिचींचा प्रसिद्ध पिंवळा हिरा व्हिएन्नास गेलाच. तथापि, मोडलेल्या कराराचेंही साधन असतें. करारच नसता तर तक्रारीसही आधार राहिला नसता.

आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस चित्रांहून अधिक महत्त्वाचें तें दप्तर. महाड्यूकांच्या अमदानींतील पत्रव्यवहाराचेच सहा हजारांहून अधिक खंड फ्लॉरेन्सच्या दप्तरखान्यांत आहेत. याउलट घराण्याच्या एका उपशाखेकडील कागद १९१८ त लंडनमध्यें लिलावास निघाले. कांहीं इटालियन सरकारनें परत मिळविले. कित्येक हिशेबी वह्या एका दुकानदार धनिकानें घेतल्या व त्या पुढें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत जाऊन पडल्या. तेथें त्या सुरक्षित आहेत, हें भाग्य. परंतु एकाच घराण्याची एक खतावणी एका खंडांत व तिची जोड दुसऱ्या खंडांत, अशी स्थिति झाली. लेखी अट असलेले कागद राहिले, नसलेले फुटले.

आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेले कागद अद्याप आहेत. त्यांचे मालक सज्जन असतात, पूर्वजांचा अभिमानही बाळगतात. परंतु पुढच्या वांटणींत या रुमालांचें काय व्हावें, हें लिहून ठेवणारा विरळा. राक्षस मारणाऱ्या पूर्वजाची कथा मेदिचींच्या कामास आली नाहीं. कामास आली ती शेवटच्या मुलीनें वेळेवर करून ठेविलेली लेखी तजवीज. इतकें सांगून हा लेख पुरा करितों.