कडेकडेने धावणारी वीज

दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघालेल्या विजेचा काही भाग वाटेतच उष्णता होऊन उडून जातो. तारेतले इलेक्ट्रॉन थरथरणाऱ्या अणूंना आणि अशुद्धींना धडकतात, दिशा बदलतात, मागे फिरतात. यालाच आपण रोध म्हणतो. मागे फिरायची वाटच ठेवली नाही तर?

अशी वाट नसलेले पदार्थ आहेत. १९८० मध्ये जर्मनीचे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी इलेक्ट्रॉनचा अतिशय पातळ थर कमालीचा थंड करून तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवला, तेव्हा त्याचा रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलताना दिसला. १९८५ चे नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळाले. कारण पुढे उलगडले. थराच्या मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गिरक्या घेतात. कडेवरच्यांची गिरकी पुरी होत नाही. ते कडेवर आपटत, टप्पे घेत पुढे सरकतात, तेही एकाच दिशेने.

भुसावळकरांना रुळांच्या भाषेत सांगायचे तर अप लाइन थराच्या एका कडेला, डाउन लाइन थेट पलीकडच्या कडेला, आणि मधे एकही क्रॉसिंग नाही. वाटेत अशुद्धी आली तर इलेक्ट्रॉन तिला वळसा घालतो आणि पुढेच जातो.

२००४ मध्ये कार्बनचा एका अणूइतका जाड थर, म्हणजे ग्राफीन, हाती आला. त्यात हाच परिणाम २००७ मध्ये खोलीच्या तापमानालाही दिसला, पण त्यासाठी चुंबकीय क्षेत्र ४५ टेस्लापर्यंत न्यावे लागले. दवाखान्यातल्या एमआरआयचे बहुधा दीड ते तीन टेस्ला असते! २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी बाहेरच्या चुंबकाशिवाय हे साधले, मात्र निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनसारख्या थरांवर काम करतो. देशमुखांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला आहे.

‘आता विजेची गळती संपणार’ अशा बातम्या मात्र जपून वाचाव्यात. कडेवर धडक होत नसली तरी तार जिथे थराला जोडतात तिथे रोध उरतो आणि उष्णता निघते. गावाला पुरेल एवढी वीज या कडेवरून नेता येणार नाही. तिचा खरा उपयोग आजच होतो आहे, तो मोजमापात. पायऱ्यांचा रोध २५,८१२.८०७ ओहमला पूर्ण संख्येने भागून येतो, थर सिलिकॉनचा असो वा ग्राफीनचा. प्रयोगशाळांतले प्रमाण रोध याच आकड्याशी ताडून पाहतात.