ओली काच, कोरडी भिंत : अजिंठ्यातील रॉबर्ट गिल यांचा कुंचला आणि कॅमेरा

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेली अजिंठा लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. परंतु तेथील भित्तिचित्रांच्या पद्धतशीर प्रतिकृती करण्याचे काम त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल यांच्यावर सोपवण्यात आले. मराठी वाचकाला गिल परिचित आहेत ते मुख्यतः पारो या स्थानिक तरुणीशी जुळलेल्या त्यांच्या प्रेमाच्या कथेमुळे, ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि २०१२ च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे. या प्रेमकथेच्या छायेत एक प्रश्न मात्र मागे पडला : एकाच कलावंताच्या हाती कुंचला आणि कॅमेरा ही दोन्ही साधने आली, तेव्हा त्याने कोणते काम कोणाकडे दिले?

अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावर नव्हे, तर मातीचा लेप आणि त्यावरील चुन्याचा पातळ थर वाळल्यानंतर, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. गिल यांनी ती मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवली. लेण्यांतील अपुऱ्या उजेडात, काजळी आणि पापुद्रे यांच्याआडची रेषा शोधत करावयाचे हे काम वर्षानुवर्षे चालले.

१८५० च्या दशकात गिल छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी रूढ झालेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढीत. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत आटोपावा लागे, आणि मराठवाड्याच्या उन्हात ही मुदत आणखी आखडणे स्वाभाविक होते. गिल यांनी विशेष भर दिला तो द्विनेत्री छायाचित्रांवर, म्हणजे दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेल्या अशा चित्रजोडीवर, जी विशिष्ट भिंगांतून पाहिली असता खांब, कमानी आणि शिल्पे खोलीसह उठून दिसतात. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात गिल यांची ७४ छायाचित्रे आहेत.

मग भित्तिचित्रांसाठीही कॅमेराच का पुरेसा ठरला नाही? अंधार हे एक कारण होते. दुसरे रसायनात दडलेले होते. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, तांबड्या-पिवळ्याला मात्र जवळजवळ देतच नसे. अजिंठ्याच्या रंगपटाचा पाया मात्र गेरू आणि पिवळी माती यांचा आहे. त्यामुळे तांबूस अंगकांती काळवंडून जाई आणि लाजवर्दाचा मौल्यवान निळा पांढुरका पडे. म्हणूनच वास्तू कॅमेऱ्याकडे आणि रंग कुंचल्याकडे, ही विभागणी केवळ आवडीची नव्हती. साधनांनीच ती घालून दिली होती.

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत तेथे प्रदर्शित केलेल्या गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती भस्मसात झाल्या. काचेवरून छापलेली छायाचित्रे अनेक हाती पोहोचल्याने टिकली; एकुलते एक कॅनव्हास गेले. परिणामी उरले त्यात रंग नव्हता, आणि रंग होता ते उरले नाही. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा आरंभले. १८८५ मध्ये त्यांपैकीही अनेक प्रती लंडनमध्येच जळाल्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या १९३० पासून निघालेल्या चार खंडांत रंगीत छायाचित्रे आली, तेव्हा कुठे गिल यांच्या काळी फारकत घेतलेले रंग आणि भिंग एकत्र नांदू लागले.

गिल १८७९ मध्ये वारले; त्यांची कबर भुसावळला आहे. आगीतून वाचलेले त्यांचे मोजके कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरचा रंग झडतच राहिला असल्याने, आता मूळ चित्राची साक्ष काही अंशी त्याच्या नकलेकडेच मागावी लागते.