आकार कळला तेव्हा

काही वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजी माझ्याकडे आल्या. बाळाचा श्वास मिनिटाला सत्तरच्या वर गेलेला, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, दूध पिणे बंद. ब्रॉन्किओलायटिसचे निदान अवघड नव्हते. ऑक्सिजन, नाक मोकळे ठेवणे, नळीने दूध, यापलीकडे आमच्या हाती फारसे नसते. सहाव्या दिवशी बाळ घरी गेले. निघताना आजींनी विचारले, "डॉक्टर, गोवराची लस आहे, पोलिओची आहे, मग याची का नाही हो?" "अजून निघाली नाही, आजी," एवढेच मी म्हणालो. ते पूर्ण खरे नव्हते.

लस निघाली होती. या आजाराचे प्रमुख कारण असलेला आर.एस.व्ही. हा विषाणू १९५६ मध्ये सापडला. पोलिओच्या साल्क लसीप्रमाणे तो फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून १९६६ मध्ये अमेरिकेत तान्ह्या मुलांना टोचण्यात आला. एका गटातील ३१ मुलांपैकी २० जणांना पुढे संसर्ग झाला, त्यांतील १६ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बाळे दगावली. तुलनेच्या गटात संसर्ग झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांना दाखल करावे लागले होते. रक्षण करण्याऐवजी लसीने आजार वाढवला. या घटनेची छाया पुढे कित्येक वर्षे या संशोधनावर राहिली.

कोडे उलगडू लागले ते रेणूच्या आकारातून. आपल्यापैकी बहुतेकांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्र डी.एन.ए.च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रापुरतेच वाचले असेल; मीही त्यांतलाच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारो पट असते, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून अणूंची मांडणी दिसत नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्या अंतराएवढीच असते. शुद्ध प्रथिनाचा स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण सोडले, की विखुरलेल्या किरणांचे असंख्य ठिपके मिळतात आणि त्यांवरून गणिताने रेणूची रचना उभी करता येते. खरी अडचण असते स्फटिक बनण्याची.

आर.एस.व्ही.च्या पृष्ठभागावरील 'एफ' हे प्रथिन विषाणूला पेशीशी जोडून आत शिरू देते. ते उंदराच्या ताणून ठेवलेल्या चापासारखे असते. एकदा सुटले की आकार बदलते आणि पुन्हा पहिल्या रूपात येत नाही. पहिले रूप इतके अस्थिर, की प्रयोगशाळेत हाती लागे ते बहुधा सुटलेलेच. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने डी२५ या मानवी प्रतिपिंडाच्या पकडीत ते मूळ रूप अडकवले, त्याचा स्फटिक बनवला आणि ३.६ अँगस्ट्रॉमपर्यंत रचना उलगडली. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे ज्या जागी चिकटतात, ती जागा केवळ या पहिल्या रूपातच होती! २०१६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूवर हे रूप उरतच नाही. त्या बाळांच्या शरीराला आपण चुकीचा चेहरा ओळखायला शिकवला होता. तेवढेच कारण नव्हे. प्रतिकारशक्तीचा प्रतिसादही विकृत दिशेने गेला होता. पण मूळ गफलत इथली.

२०१३ मध्येच त्यांनी प्रथिनात एक डायसल्फाइड बंध घालून आणि आतल्या पोकळ्या भरून चाप कायमचा ताणलेला ठेवला. २०२० मध्ये करोनाच्या स्पाइक प्रथिनाबाबत मॅक्लेलन यांच्याच प्रयोगशाळेने अशीच युक्ती वापरली. तेव्हा स्फटिकाचीही गरज पडली नाही. द्रावण निमिषार्धात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या असंख्य प्रतिमांतून रचना मिळाली. या गोठवण्याच्या तंत्राला २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत हेच स्थिर केलेले स्पाइक आहे; आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये ते नव्हते.

डी२५ पासून विकसित केलेल्या निर्सेविमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एका इंजेक्शनने बाळाला साधारण पूर्ण हंगामभर संरक्षण मिळते. त्याच वर्षी मूळ रूपात स्थिर केलेल्या एफ प्रथिनाची लसही मान्य झाली. ती तेथे गर्भारपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत आईला देतात. आजी पुन्हा भेटल्या, तर आता त्यांना सांगता येईल, की लस निघाली आहे, पण ती बाळाला नव्हे, सूनबाईंना टोचायची असते.